पळीचं माप : आमच्या खानावळीतल्या वजनाच्या प्रकल्पाच्या नोंदी

9 जून 2025, सोमवार

ही वही आजपासून सुरू. साताऱ्यात माझी खानावळ आहे, बारा वर्षं झाली. दोन्ही वेळेला 45 पानं : 40 मेंबर, घरचे आम्ही चौघं आणि स्वयंपाकाच्या मावशी. मेंबरांत बँकेतले, एसटीतले, एमआयडीसीत शिफ्ट करणारे आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरंपोरी.

गेल्या महिन्यात ह्यांचे आणि माझे रिपोर्ट केले. ह्यांचा एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 6.2 आला. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझं वजन 74.2 किलो, उंची 156 सेंटिमीटर, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) तीसच्या वर. आपल्याकडच्या माणसांसाठी 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता "तोंडावर ताबा ठेवा" एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सकाळी सहापासून मी उभी असते. सगळ्यांची पानं उठल्यावर जे राहिलं ते जेवते. पण घरी येताना डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. ही 45 माणसं किती तेल खातात ते त्यांना कुठे ठाऊक असतं? ते माझ्या चुलीपाशी ठरतं.

पुतणी पुण्यात आहारशास्त्र शिकते. तिला फोन केला. ती म्हणाली, "काकू, आधी काहीच बदलू नकोस. आठवडाभर फक्त मोज."

12 जून

भाजीबाजारातून येताना डिजिटल वजनकाटा आणला. शहाबादी फरशीवर एका कोपऱ्यात 73.1 दाखवतो, दुसऱ्या कोपऱ्यात 74.6. दुकानदाराशी वाद घालणार होते, तेवढ्यात ह्यांनी कपाटाची लाकडी फळी काढून काट्याखाली टाकली. वर कणकेच्या न फोडलेल्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या ठेवल्या. 20.1. काढल्या, पुन्हा ठेवल्या. 20.1. म्हणजे काटा बरोबर होता, फरशी वाकडी होती. फळी आता तिथेच राहील.

नियम ठरवला : रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. आणि टेपने पोटाचा घेर. घेर कुठे घ्यायचा ते पुतणीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सगळ्यात खालची बरगडी बोटाने चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, त्या दोहोंच्या मधोमध टेप, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80, त्याच्या आत असावा. माझा 97. ह्यांचा 94.

15 जून, रविवार

तेलाचा हिशेब लागला. तो बघून मी दुपारी आडवी झालेच नाही, वही घेऊन बसून राहिले.

मावशींच्या हातातली पळी भरून काट्यावर ओतून पाहिली : 70 ग्रॅम. 45 जणांच्या सुक्या भाजीला अकरा पळ्या, म्हणजे 770 ग्रॅम. आमटीच्या फोडणीला तीन, 210 ग्रॅम. पोळ्यांच्या घडीला आणि वरून लावायला साधारण 260. एका वेळेला 1240 ग्रॅम, दोन वेळचं जवळजवळ अडीच किलो. 15 किलोचा डबा आमच्याकडे सहा दिवसांत संपतो, आणि तो सहा दिवसांतच का संपतो हे बारा वर्षांत मी एकदाही मोजलं नव्हतं.

माणशी रोजचं 55 ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत 2000 कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलंय. आमचं दुप्पट. त्यात सकाळच्या वडापावचं आणि संध्याकाळच्या भज्यांचं तेल धरलेलंच नाही. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, म्हणजे माझ्या ताटातून प्रत्येकाच्या पोटात रोज पाचशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या जातात.

एकाही मेंबरने "काकू, तेल जास्त घाला" असं मला कधी सांगितलेलं नाही. "तर्री नाही आज?" असं मात्र पुष्कळदा विचारलंय. त्या एका प्रश्नाला भिऊन हात वाढत गेला असणार.

16 जून

रात्री पानं उठल्यावर मेंबरांना सगळं स्पष्ट सांगितलं. स्वयंपाक सगळ्यांचाच बदलेल. ज्यांना वजन, घेर नोंदवायचाय त्यांनी नाव द्यावं, सक्ती कुणालाच नाही. नऊ जण आले, मी आणि हे धरून अकरा. कुणाचं वजन कुणाला सांगायचं नाही, वही माझ्या कपाटात.

ध्येय मी मुद्दाम छोटं ठेवलं. माझ्या उंचीला 23 च्या आत यायचं तर 56 किलो हवं, त्या आकड्याकडे बघूनच माणूस हात टेकेल. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल 2002 मध्ये आले, वजन 7 टक्के घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य होतं. तेवढ्यावर उंबरठ्यावरच्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. माझे 7 टक्के म्हणजे 5.2 किलो. 69 वर यायचं. हे मला झेपेल असं वाटतं.

18 जून

मावशींशी पहिली खडाजंगी. त्या माझ्याकडे दहा वर्षं आहेत, हाताला चव आहे आणि त्या चवीचा त्यांना अभिमान आहे. "वहिनी, पाच पळ्यांत पंचेचाळीस माणसांची वांगी? करपत्याल."

आणि पहिल्या दिवशी करपलीच. कढईचा बूड पातळ होता. मग जाड बुडाचं जुनं पितळी पातेलं कल्हई करून आणलं. मावशींनाच विचारलं, लहानपणी घरी तेल मोजकं असायचं तेव्हा तुमची आई भाजी कशी करायची? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "झाकणावर पाणी ठेवून." बस. पातेल्यावर खोलगट ताट, ताटात पाणी, खाली मंद आच. भाजी स्वतःच्या वाफेवर शिजते, खाली लागत नाही. ताटातलं पाणी गरम झालं की तेच भाजीत हबकायचं.

दुसरं, वाटणाचा कांदा तेलात परतायच्या ऐवजी अख्खा जाळावर भाजायचा. तिसरं, आमटी तेलाशिवाय उकळायची आणि फोडणी शेवटी वरून द्यायची. मोहरी, लसूण, हिंग, कढीपत्ता, लाल तिखट, दोन पळ्या तेलात. वरून पडलेली फोडणी वरच राहते, नाकाला आणि जिभेला आधी तीच भेटते. तेल कमी असूनही तवंग दिसतो.

22 जून, रविवार

माझं 72.9. पहिल्या दोन आठवड्यांत सव्वा किलो. सगळे खूश, पण पुतणीने लगेच सावध केलं. शरीरात साठवलेल्या पिष्टाबरोबर त्याच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी ते पाणी उतरतं. चरबी सावकाश जाते.

6 जुलै, आषाढी एकादशी

मेंबरांपैकी 28 जणांचा उपवास. साबुदाण्याची खिचडी केली आणि पहिल्यांदाच एका प्लेटचं सामान वेगळं तोललं. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम, दाण्याचं कूट 30, तूप 10, बटाटा 50. पुतणीने बेरीज केली, पाचशेच्या वर कॅलरी. दुसरी प्लेट मागणारे आठ जण होते. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नसल्यातच जमा. म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते.

माझ्या सासूबाई निर्जळी करायच्या. माझी आई एक रताळं आणि ताकावर दिवस काढायची. उपवासाचा पदार्थ रोजच्या जेवणापेक्षा जड कधी झाला ते माझ्या लक्षातच आलं नाही. श्रावणी सोमवारी उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर आणि ताक ठेवणार.

20 जुलै, रविवार

माझं 73.0. ह्यांचं जिथल्या तिथे. अकरापैकी सात जणांचं वजन एक तर थांबलंय किंवा वाढलंय. तेलाचा डबा आता अकरा दिवस चालतो, माणशी 30 ग्रॅम. मग असं का व्हावं?

दोन दिवस मी चुलीपाशी नुसती उभी राहिले, काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. तेल कमी पडून रस्सा पातळ वाटू नये म्हणून मावशी दाण्याचं कूट आणि सुकं खोबरं वाढवत होत्या. पूर्वी भाजीला एक वाटी कूट जायचं, आता तीन. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. डब्यातलं तेल वाचलं आणि ते कुटातून परत ताटात आलं.

मावशींना दोष देण्यासारखं यात काही नाही. पळी मी मोजायला लावली, वाटी मोजायला लावली नाही, ही माझी चूक. दाणे वाईट नाहीत, ते मोजून हवेत एवढंच. आता कुटाला स्टीलची एकच वाटी, सपाट भरून. रस्सा दाट करायला मसुराची डाळ शिजवून घोटून घालायची. हे मावशींनीच सुचवलं, आणि वांग्याच्या रश्श्याला ते फार चांगलं लागतं.

25 जुलै

श्रावण लागला. पाऊस थांबायचं नाव नाही. अजिंक्यतारा किल्ल्याकडे चालायला जायचं बंद पडलं होतं, म्हणून रात्री जेवणानंतर हॉलमधली बाकं भिंतीला लावतो आणि टेबलांभोवती फेऱ्या मारतो. पंधरा मिनिटं. जेवणानंतर लगेच चाललं की रक्तात आलेली साखर पायांचे स्नायू वापरतात, ती फार चढत नाही. ह्यांनी ग्लुकोमीटरवर तीन दिवस चालून आणि तीन दिवस बसून तपासलं. चाललेल्या दिवशी आकडा दरवेळी खाली होता. तेव्हापासून ते माझ्या आधी बाकं सरकवतात.

3 ऑगस्ट, रविवार

माझं 72.3. कुटाची वाटी कामाला आली.

आज ह्यांच्याबद्दल लिहायचंय. 168 सेंटिमीटर उंची, 66 किलो. बघणारा म्हणेल, या माणसाला काय झालंय? हात-पाय बारीक, पोट तेवढं पुढे. पुतणीने यावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम सांगितलं. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2. आपल्याकडची माणसं काट्यावर बारीक आणि आतून चरबीची असतात, आणि त्याची मुळं आईच्या पोटात असल्यापासूनची, असं त्यांचं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधलं काम सांगतं.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासातही उंबरठ्यावरच्या भारतीयांनी आहार-व्यायाम बदलल्यावर मधुमेहाचा धोका 28.5 टक्क्यांनी घटला, आणि वजन मात्र फारसं हललंच नव्हतं. म्हणून ह्यांच्या रकान्यात आता वजन दुय्यम. घेर आणि एचबीएवनसी बघायचा. ह्यांना हे पटल्यावर चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. काटा हलत नाही म्हणून ते मनातून खचत चालले होते.

9 ऑगस्ट

अभ्यासिकेतल्या एका पोरीला यादीतून काढलं. 160 सेंटिमीटरला 53 किलो, म्हणजे वजन अगदी योग्य. तरी आणखी उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं होतं. परवा अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर आली. तिचं नाव मी यादीत घ्यायलाच नको होतं. जवळ बसवून जेवू घातलं आणि सांगितलं, बाळा, तुझ्यासाठी या वहीत रकाना नाही. आधी रडली, मग म्हणाली की वसतिगृहात सगळ्या एकमेकींना वजन विचारतात. तिच्या आईशी बोलले. आता ती रोज माझ्या डोळ्यांसमोर दोन्ही वेळ जेवते.

नवीन नियम : बीएमआय 23 च्या आत आणि घेर ठीक असेल तर वजन नोंदवायचं नाही. अठराच्या आतलं कुणी नाही. बाळंतीण नाही.

12 ऑगस्ट

चार मेंबर गेले. "पूर्वीची चव राहिली नाही." 45 ची 41 पानं. वाईट वाटलं, त्यातले दोघं आठ वर्षांपासूनचे मेंबर होते.

24 ऑगस्ट, रविवार

माझं 71.4.

पाऊस उघडला तसे सकाळी सहाला चौघं-पाच जण अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागतो. आधी 'चार भिंती' नावाच्या वास्तूपर्यंत, मग जमेल तसं किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत. आज चढावर बँकेतल्या काकांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. ह्यांच्या खिशात साखरेची पुडी होती ती तोंडात टाकली, बिस्किटं दिली, पंधरा मिनिटं दगडावर बसवलं. नंतर ठीक झाले.

काका मधुमेहाची गोळी घेतात. जेवण हलकं झालं, चालणं वाढलं, गोळी मात्र जुन्याच मापाची राहिली, त्यामुळे साखर खाली आली. त्यांच्या डॉक्टरांनी लगेच गोळी कमी केली आणि बरं झालं म्हणाले, पण आधी सांगायला हवं होतं. अगदी खरं आहे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. काकांच्या जागी कुणी एकटं चढत असतं तर, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही.

7 सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. दहा दिवस मोदक, पुरणपोळी, आरतीनंतरचे पेढे. माझं 72.5. मीठ आणि गोड दोन्ही वाढलं की अंग पाणी धरतं हे आता माहीत आहे, तरी आकडा बघून मन खट्टू झालं.

14 सप्टेंबर

71.7. आठवड्यात 800 ग्रॅम उतरले, कुठलाही उपास न करता, नेहमीच्या ताटावर परत येऊन.

21 सप्टेंबर

एमआयडीसीतल्या मुलाबद्दल. सत्तावीस वर्षांचा, 172 सेंटिमीटर, सुरुवातीला 94 किलो. सगळ्यांत प्रामाणिकपणे लिहिणारा तो आणि काटा हलत नव्हता त्याचाच. एक रविवार त्याच्याबरोबर बसून जेवणाबाहेरचं सगळं लिहून काढलं. कॅन्टीनचा चहा दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे साखर. बारा चमचे म्हणजे 60 ग्रॅम, 240 कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून थंड पेयाची बाटली वेगळी.

चहा सोड म्हटलं असतं तर पहिल्याच आठवड्यात त्याने वही सोडली असती. कॅन्टीनवाल्याला सांगून बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि खिशातल्या डबीतून स्वतः अर्धा चमचा घालायचा, असं ठरलं. पेय बंद, त्याच्या जागी मी ताकाची बाटली भरून देते, जिरं-मीठ घालून.

त्याहून मोठा प्रश्न झोपेचा निघाला. रात्रपाळी करून आल्यावर खोलीत ऊन, खाली वर्कशॉपचा आवाज, चार तासही सलग झोप नाही. झोप अपुरी असली की भूक वाढते आणि गोड-तळलेल्याकडेच हात जातो, हे मी माझ्यावरही बघितलंय, लग्नसराईच्या ऑर्डरींच्या दिवसांत. ह्यांनी त्याच्या खिडकीला आमच्या जुन्या सतरंजीचा पडदा ठोकून दिला. सकाळी सातला त्याला आता चहा-पोह्यांऐवजी एक भाकरी आणि मुगाची उसळ देते, मग तो झोपतो. तीन आठवड्यांत दोन किलो.

5 ऑक्टोबर, रविवार

माझं 70.8, घेर 92. डब्याचा भाव मला 2,250 पडतो. पूर्वी महिन्याला पाच डबे लागायचे, आता पावणेतीन. जे पाच हजार वाचतात ते मी घरात घेत नाही, ताटात परत घालते : रोज दही, रोज मोडाची उसळ, बुधवारी-रविवारी खाणाऱ्यांना उकडलेलं अंडं. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि ते वाचवायचे तर ताटात प्रथिनं हवीत आणि अंगाला जोराचं काम हवं. म्हणून चालण्याबरोबर आता खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, दहा-दहाचे तीन फेरे. पोरं सूर्यनमस्कार घालतात.

वाढायचा क्रमही बदलला. पान मांडलं की आधी काकडी-मुळ्याची कोशिंबीर आणि उसळीची वाटी समोर येते, पोळ्या पाच मिनिटांनी. भुकेचा पहिला जोर भाजीवर निघतो. भाजी आता आम्ही जास्त वाढतो, जवळजवळ दीडपट. ताट भरलेलं दिसतं, माणूस भरल्या पोटी उठतो, आणि पोळ्या आपसूक एकाने कमी लागतात. ज्यांना हवी त्यांना मी चौथी पोळी आजही आग्रहाने वाढते. उपाशी उठलेला मेंबर थेट भज्यांच्या गाडीवर जातो.

26 ऑक्टोबर

दिवाळी झाली. फराळाच्या ऑर्डरी पूर्ण केल्या, चकल्या तळताना चव बघावीच लागते. 71.2.

16 नोव्हेंबर, रविवार

70.4. ह्यांचा एचबीएवनसी 5.8. वजन 64.1, घेर 89. रिपोर्टचा कागद ह्यांनी देवापुढे ठेवला.

14 डिसेंबर, रविवार

70.3. महिनाभर काटा हललेला नाही, या वेळी कूटही नीट आहे, पळीही. पुतणीने समजावलं : शरीर चार किलोंनी हलकं झालं की तेच शरीर चालवायला कमी इंधन लागतं, शिवाय नकळत आपण हालचालही कमी करतो. जूनमध्ये ज्या ताटाने वजन उतरत होतं, त्याच ताटावर आता ते स्थिर राहतं. माणशी 25 ग्रॅम तेल म्हणजे 225 कॅलरी रोज वाचतात, कागदावर महिन्याला पाऊण-एक किलो उतरायला हवं होतं, पण शरीर तसं सरळ गणित करत नाही.

ताट आणखी कमी करायचं नाही असं मी ठरवलं. भूक धरून राहिले तर चिडचिड होते आणि त्याची झळ मावशींना लागते. त्याऐवजी सकाळची चाल आठवड्यात तीन दिवसांची पाच दिवस.

मेंबर विचारतात, काकू, ती नवीन इंजेक्शनं आलीत ना वजनाची? आलीत, 2025 मध्ये आपल्याकडेही मिळायला लागली. ज्याला डॉक्टरांनी तपासून दिलंय त्याने ती जरूर घ्यावीत, त्यात कमीपणा काही नाही. इंजेक्शन घेणाऱ्यालाही रोज दोन वेळ जेवायचंच असतं, आणि ते जेवण करणारं कुणीतरी असतं. माझं काम तेवढं आहे.

13 जानेवारी 2026, भोगी

बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. तिळात आणि दाण्यात तेल असतंच, म्हणून फोडणीला दोनच पळ्या. लोणी मात्र मोजलं नाही. आज मोजायचं नव्हतं. 47 पानं उठली. गेलेल्या चौघांपैकी एक जण परत आला, "बाहेरचं खाऊन छातीत जळजळतं" म्हणाला. मी काही विचारलं नाही, त्याच्या जुन्या जागेवर पान मांडलं.

1 फेब्रुवारी, रविवार

माझं 68.9. घेर 88. सात टक्के पूर्ण झाले. आठ महिने लागले.

अकरापैकी एका पोरीला मी काढलं, दोघं बदली होऊन गेले. उरलेल्या आठांत पाच जणांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं. त्यात एमआयडीसीतला मुलगा 86.5 वर आला, त्याचा पडदा अजून तसाच आहे. दोघांचं दोन-तीन टक्के. एसटीतल्या वाहक भाऊंचं काहीच उतरलं नाही. ड्युटीला जातात त्या दिवशी दोन्ही जेवणं बाहेर, मिळेल त्या स्टँडवर, मिळेल त्या वेळेला. माझ्या पळीचा तिथे उपयोग नाही. त्यांना आता पहाटे डबा भरून द्यायचा विचार आहे : दोन भाकऱ्या, सुकी मटकी, कांदा, आणि पिशवीत भाजलेले चणे. पहाटे साडेचारला उठावं लागेल. मावशी म्हणाल्या, "मी येती की."

संध्याकाळी जाताना त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, घरी सुनेला पण वजन वाढल्याचं सांगितलंय डॉक्टरनी, तशी पळी कुठं मिळंल? उद्या भांडीवाल्याकडे जाऊन एक आणते. घरच्या पाच माणसांना 70 ग्रॅमची पळी फार मोठी होईल. आधी तिथेच पाणी ओतून मोजून बघते, 20 ग्रॅमच्या आसपासची मिळते का.

नवीन डबा आज उघडला. झाकणावर मार्करने तारीख टाकली आहे.